फाइल हाताळायला सिंक फंक्शनच वापरावीत का?

अर्धविराम:
नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) फाइल लिहिली आणि पुढच्याच ओळीत वाचायला गेलं की 'एनोएंट', म्हणजे फाइल सापडत नाही. राइटफाइल हे लिहिण्याचं फंक्शन काम सोपवून लगेच परत येतं, प्रत्यक्ष लिहिणं मागच्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) चालू असतं. म्हणून माझं ठाम मत: फाइल छोटी असेल तर राइटफाइलसिंक वापरा, म्हणजे लिहून होईपर्यंत थांबणारं सिंक रूप. ओळी लिहिल्या त्याच क्रमाने चालतात, एरर तिथल्या तिथे ट्राय-कॅचमध्ये सापडते.

उतारा:
सर्व्हर सुरू होताना कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) वाचायला ठीक. पण रिक्वेस्ट हँडलरमध्ये, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, सिंक? डिस्कने ५० मिलिसेकंद घेतले तर तेवढा वेळ बाकीच्या सगळ्या रिक्वेस्ट ताटकळणार. चूक अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) विसरण्याची आहे, ती तिथेच दुरुस्त करा. सगळ्यात जास्त फसवतं ते फॉरईच, म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकावर कॉलबॅक फंक्शन चालवणारा लूप. कॉलबॅक असिंक केला, आत अवेटही लिहिलं, तरी फॉरईच त्यातून मिळणाऱ्या प्रॉमिसकडे (पुढे येणाऱ्या निकालाची पावती) ढुंकून बघत नाही. लूप संपतो आणि फाइली अजून लिहिल्याच जात असतात. तिथे अवेटसाठी थांबणारा फॉर-ऑफ लूप घ्या. प्रॉमिस.ऑलला (अनेक प्रॉमिसची एकत्र वाट बघणारं फंक्शन) पाच हजार फाइली एकदम दिल्यात तर 'एमफाइल', म्हणजे फार फाइली उघड्या असल्याची एरर, येऊ शकते, कारण एका प्रोसेसला उघड्या फाइलींची मर्यादा असते. वीस-वीसच्या तुकड्या करा. फाइलींची कामं करणाऱ्या थ्रेडपूलमध्ये (थ्रेडच्या गटात) मुळात ४च थ्रेड असतात, त्यामुळे वेग फारसा जात नाही.

तळटीप:
दोघांच्याही उत्तरात एक भोक राहतं. राइटफाइल आधी फाइल शून्य बाइटची करतं, मग मजकूर भरतं. नेमकं त्या फटीत दुसऱ्या प्रोसेसने वाचलं तर हाती रिकामी स्ट्रिंग येते आणि जेसन.पार्स (मजकुरातून डेटा काढणारं फंक्शन) कोसळतं. सिंक असो वा अवेट, फट तीच. तात्पुरत्या नावाने लिहा, मग रिनेम करा. वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळेल किंवा नवी, अर्धवट नाही. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात हवी, दुसऱ्या फाइलसिस्टमवर असेल तर रिनेम होत नाही, 'एक्सडेव्ह' एरर येते.

आणि उघडण्याआधी अ‍ॅक्सेस फंक्शनने 'फाइल आहे का' विचारणं कृपया बंद करा. उत्तर मिळेपर्यंत फाइल गेलेली असू शकते. थेट उघडा, एरर पकडा. नवीनच फाइल हवी असेल तर 'डब्ल्यूएक्स' फ्लॅग द्या. आधीपासून असेल तर 'ईएक्झिस्ट' एरर मिळेल.

अर्धविराम:
हँडलरपुरतं मान्य, सिंक मागे घेतो. एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र सिंकच बरं; तिथे खोळंबायला दुसरं कुणी नसतं.

उतारा:
स्क्रिप्टबद्दल वाद नाही. पण तळटीप, रिनेमने सगळं भागत नाही. दोन रिक्वेस्टनी काउंटर ७ वाचला, दोघींनी ८ लिहिला, एक नोंद गेली. वाचणं-बदलणं-लिहिणं हे एकसंध काम धरून प्रत्येक फाइलीची रांग ठेवावी लागते: आधीच्या प्रॉमिसच्या देनला (ते पूर्ण झाल्यावर काय करायचं ते सांगायची जागा) पुढचं काम जोडायचं.

तळटीप:
बरोबर, पण त्या साखळीत कॅच (एरर पकडणारा भाग) घालायला विसरू नका. एक काम फसलं की नुसत्या देनला जोडलेलं पुढचं एकही काम चालत नाही. शिवाय ही रांग एकाच प्रोसेसपुरती. क्लस्टर (एकाच सर्व्हरच्या अनेक प्रोसेस) वापरत असाल तर तो काउंटर फाइलीत ठेवूच नका, डेटाबेसमध्ये न्या.