अंतरपाटाचा फोटो हुकू नये म्हणून काय करावं?

कळव्याची_लेक
नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं लग्न आहे, ठाण्यात नौपाड्यातल्या हॉलमध्ये. मुहूर्त दुपारी १२ वाजून २३ मिनिटांचा. ताईच्या अल्बममध्ये अंतरपाट दूर झाल्याचा एकही धड फोटो नाही. जो आहे त्यात व्हिडिओवाल्याची पाठ आणि मामेभावाचा मोबाइल. ताई अजूनही त्या पानाशी थांबते. मला तेवढा क्षण नीट हवाय, बाकी उन्नीस-बीस चालेल. बजेट बेताचं आहे. येऊरला प्री-वेडिंग करायचंही घरात चाललंय.

चरईचा_फोटोवाला
अभिनंदन! २२ वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय, म्हणून सांगतो. प्री-वेडिंगचे पैसे वाचव आणि मुहूर्ताला दुसरा फोटोग्राफर घे. पूर्ण दिवस नको, १० ते २ पुरे. तुम्ही दोघं समोरासमोर उभे असता, त्यामुळे एका कॅमेऱ्याला दोन्ही चेहरे समोरून मिळतच नाहीत. नवऱ्याच्या खांद्यामागून तुझा चेहरा मिळतो, तुझ्या खांद्यामागून त्याचा. तिथेच दोघांचे मामा उभे असतात, त्यांना अर्धं पाऊल बाजूला सरकायला आदल्या दिवशीच सांगून ठेव.

गुरुजींशीही बोल. ‘तदेव लग्नं’ झालं, अंतरपाट निघाला, की लगेच हार घालायची घाई होते. दोन श्वास थांबा. एकमेकांकडे बघा. तुला हवा असलेला फोटो त्या दोन श्वासांतलाच आहे.

स्टेजवरचे जांभळे-निळे लाइट मुहूर्तापुरते बंद करायला सांग. हळद लागलेल्या चेहऱ्यावर तो रंग बसला की एडिटिंगमध्येही नीट निघत नाही. साधा पांढरा उजेड असला की आम्ही शटर स्पीड सेकंदाच्या २५०व्या भागाहून जलद ठेवू शकतो आणि अक्षता हवेत दाणा-दाणा दिसतात. गेल्या सीझनला एका नवरीच्या मुंडावळीच्या मोत्यांत एकच दाणा अडकला होता, डोळे भरून आलेले, ओठ दाबलेले. तो फोटो तिच्या आईने देवघराशेजारी लावलाय.

आणि पहिल्या रांगेत आजी-आजोबांना बसव. ते मोबाइल घेऊन स्टेजवर चढत नाहीत.

सीवूड्सची_वहिनी
अंतरपाटाचं दादांनी सांगितलंच. मी म्हाताऱ्या माणसांचं सांगते. आमच्याकडे घरच्यांचे फोटो पंगतीनंतर घेऊ म्हणून ठेवले. तोवर सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला गाडी पकडायची होती, त्या निघून गेल्या. वर्षभरात त्या वारल्या. त्यांचा आमच्याबरोबर एकही फोटो नाही, याची मला आजही चुटपुट लागते. तू गौरीहराला बसण्याआधी २० मिनिटं मोकळी ठेव आणि ७० पुढच्या सगळ्यांबरोबर फोटो उरकून घे. नावांची यादी अशा कुणाकडे दे, जी दोन्हीकडच्यांना हाक मारून आणू शकेल. माझ्या लग्नात फोटोग्राफर बिचारा ‘मुलीकडचे या, मुलीकडचे या’ एवढंच ओरडत होता.

कळव्याची_लेक
वहिनी, माझी आजी ८३ची आहे. यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं. मामांना आजच फोन करते. दादा, प्री-वेडिंग नाही केलं तर आमचे दोघांचे असे वेगळे फोटो राहून जातील ना?

चरईचा_फोटोवाला
राहून जाणार नाहीत. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, जंगलात शूटिंग करायचं तर वनखात्याची परवानगी काढावी लागते. तुमचा हॉल नौपाड्यात, मासुंदा तलाव जवळच. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य ६च्या सुमाराला मावळतो. पाठवणी ६ नंतर ठेवा. शालू बदलून साधी साडी नेस, सव्वापाचला तलावपाळीवर जा. अर्धा तास तुम्ही दोघं, एक फोटोग्राफर आणि एकच कॅमेरा. ऊन तिरपं असतं, फ्लॅश लागत नाही. मुंडावळ्या मात्र काढू नका.