बँड आली का? मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांनो, अनुभव सांगा

भाचीला जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली, आता पीएचडीला लागतेय. घरात एकच प्रश्न: म्हणजे ही नक्की करणार काय? मी बँकेतला माणूस, मला काय सांगता येणार! तिनेच मला लालजी सिंग यांच्याविषयी वाचायला दिलं. १९४७ साली जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावात शेतकऱ्याच्या घरी जन्म, बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर पीएचडी, मग एडिंबरा, मग हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची संस्था. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणारा एक तुकडा त्यांना सापडला होता. पुढे तोच तुकडा वापरून माणसामाणसाचा वेगळा डीएनए ठसा घेता येतो हे त्यांनी दाखवलं. १९९५च्या नैना साहनी खून खटल्यात जळालेला देह तिचाच, हे आईवडिलांच्या डीएनएवरून त्यांच्याच प्रयोगशाळेने सांगितलं.

सापापासून कोर्टापर्यंत. वाचायला दहा मिनिटं लागली. पण मधल्या वर्षांत रोज सकाळी उठून माणूस काय करत होता, ते त्या लेखात नव्हतं. तेच हवंय. पुरस्कार नकोत, मंगळवार दुपार सांगा.

जेलमध्ये_आहे

मंगळवार दुपार? घ्या. अगरोजची जेल, म्हणजे जेलीसारखी लादी, ओतायची, ती थिजेपर्यंत चहा, तिच्यातल्या खाचांत, म्हणजे विहिरींत, डीएनए भरायचा, करंट सोडायचा, की डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. पाऊण तासाने अंधाऱ्या खोलीत यूव्हीवर ठेवायची. नारिंगी पट्टी दिसली तर ‘बँड आली’, नाही तर उद्या परत. कॉरिडॉरमध्ये कोणी भेटलं की ‘कसा आहेस’ विचारत नाहीत, ‘आली का?’ विचारतात.

माझी सात महिने आली नाही. एक्सबीए-वन नावाचं डीएनए कापणारं एन्झाइम प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं छोटं कडं, कापेचना. नवीन एन्झाइम मागवलं, बफर बदलला, पाणी बदललं, गुरुवारी उपास करून पाहिला (हसू नका). सरांना वाटलं माझा हातच वाईट. शेवटी शेजारच्या लॅबमधली एक सीनियर सीक्वेन्स बघून म्हणाली, ‘अरे, साइटच्या पुढे टीसी आहे की!’ या एन्झाइमची साइट, म्हणजे जिथे ते कापतं ती डीएनएची अक्षरं, टीसीटीएजीए. पुढे टीसी आलं की तिथे जीएटीसी जुळतं आणि ई. कोलाय जिवाणू त्यातल्या ए अक्षरावर मिथाइलचं टोपण घालतो. टोपण असलं की एन्झाइम कापत नाही. हे टोपण न घालणाऱ्या जिवाणूत तेच प्लाझ्मिड वाढवलं, तिसऱ्या दिवशी कापलं गेलं. सात महिन्यांचं उत्तर दोन अक्षरांत होतं. आनंद झाला म्हणता? मला रडू आलं, आणि तेही रागाने.

माशीवाली

वरच्या दादांना +१. आमच्याकडे बँडऐवजी माशा. केळ्यावर घोंगावते ती फळमाशी, ड्रॉसोफिला. पंचवीस अंशांवर अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस.

क्रॉस लावायचा, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीची जोडी जमवायची, तर मादी कुमारिका हवी. कोशातून बाहेर आल्यावर आठेक तास ती नराला दाद देत नाही, तेवढ्यात तिला वेगळी काढायची. म्हणजे सकाळी आठला बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी चारला पुन्हा, आणि रात्री बाटल्या अठरा अंशांत ठेवून घरी जायचं, म्हणजे माशा जरा सावकाश निघतात. धाकट्या बहिणीच्या हळदीला मी पावणेपाचला पोचले. काकू म्हणाली, ‘अगं, माशांना सुट्टी नसते का?’ नसते! शिवाय खाद्य मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून केलेलं, बुरशी येऊ नये म्हणून त्यात प्रोपिऑनिक आम्ल. तो वास ओढणीला इतका बसतो की लोकलमध्ये शेजारची बाई सरकून बसते. मला बरंच, ऐसपैस जागा मिळते.

धागाकर्ते, लालजी सिंगांबरोबर ओबेद सिद्दीकींचंही वाचा. होमी भाभांनी बोलावलं म्हणून १९६२ मध्ये ते मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आले, भौतिकशास्त्रज्ञांच्या त्या संस्थेत मॉलिक्युलर बायोलॉजीचा विभाग उभा केला, आणि पुढे बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं केंद्र. सुरुवात जिवाणूंपासून, आणि चाळिशीच्या आसपास गडी माशांकडे वळला! तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माशांवर अमेरिकन शास्त्रज्ञ सीमोर बेंझरबरोबर काम केलं, मग माशीला वास आणि चव कशी कळते त्यावर. जम बसलेला विषय सोडून पुन्हा बालवाडीत बसायचं, हे मला सगळ्यात अवघड वाटतं.

ऑटोक्लेव्हवाले_काका

मी शास्त्रज्ञ नाही. सव्वीस वर्षं लॅबमध्ये काचसामान धुणं, मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) करणं, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा मोठा कुकर) लावणं. लिहू का म्हणून मुलीला विचारलं, ती म्हणाली लिहा.

१२१ डिग्री, १५ पौंड, वीस मिनिटं. बाटलीचं झाकण अर्धं सैल ठेवायचं, घट्ट लावलं तर बाटली फुटते. नवीन पोरं हमखास घट्ट लावतात. बाटलीवर लावलेल्या टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे ताव लागला, पण आतलं पाणी निर्जंतुक झालंच असं नाही, हे मी त्यांना सांगतो. पहिल्या वर्षी ऐकत नाहीत. तिसऱ्या वर्षी ‘काका, आज तुम्हीच लावा ना’ म्हणतात. माझ्याकडे अकरा थिसिस आहेत, आभाराच्या पानावर माझं नाव असलेले. बाकीचं इंग्रजी मला येत नाही, ते पान ओळखता येतं.

पी_बत्तीस

निवृत्त माणूस. काका, तुमचं वाचून बरं वाटलं, आमचे काका असेच होते.

लालजी सिंगांच्या काळातलं काम कसं होतं ते सांगतो, कारण आता किटमध्ये सगळं येतं. सदर्न ब्लॉट: जेलमधला डीएनए पडद्यावर उतरवायचा. खाली मीठपाण्यात भिजलेला कागद, त्यावर जेल, जेलवर पडदा, वर टिपकागदांची चळत आणि एखादं जाडजूड पुस्तक वजन म्हणून. रात्रभर ते पाणी वर ओढलं जातं. मग किरणोत्सारी फॉस्फरस-३२ लावलेला प्रोब, म्हणजे हवा तो डीएनए शोधून त्याला चिकटणारा तुकडा. फॉस्फरसची निम्मी ताकद चौदा दिवसांत जाते, म्हणून माल आला की घरातलं लग्न असो की मयत, प्रयोग लागायचाच. आमची पुढची तारीख पंचांगात नाही, आयसोटोपच्या डब्यावर असायची. मग एक्स-रे फिल्म लावून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये हलवत उभं राहायचं, आणि हळूहळू काळ्या रेघा वर यायच्या. कधी यायच्या. कधी पूर्ण फिल्म काळी, म्हणजे धुणं कमी पडलं.

एक गोष्ट लोक उलटी सांगतात. लालजी सिंग गुन्हेगार पकडायला निघाले नव्हते. सापाची मादी मादी कशी होते, लिंग गुणसूत्र कसं घडतं, हा त्यांचा प्रश्न. ठसा वाटेत हाती लागला. आज असा प्रस्ताव पाठवला तर ‘समाजोपयोग’ या रकान्यात काय भरणार, सांगा!

पस्तिशी_उलटली

मी कडवट लिहिणार आहे, भाचीला वाचायला द्या.

२०१२ मध्ये जेआरएफ होते तेव्हा महिना १६,००० मिळायचे, २०२३ पासून ३७,००० आहेत. आकडा बरा आहे, येतो कधी ते विचारा. माझी फेलोशिप एकदा सलग आठ महिने आली नव्हती. खोलीचं भाडं भावाने भरलं. संस्थेचं नाव घेत नाही. त्याच वर्षी परदेशातून मागवलेलं एन्झाइम विमानतळावर अडकलं. खोका हातात आला तेव्हा ड्राय आइस उडून गेला होता आणि आत पुठ्ठा कोमट. पैसे गेले आणि चार महिनेही.

पीएचडीला सहा वर्षं, बाहेर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) चार. परत येईपर्यंत छत्तीस. जाहिरातीत वयाची अट पस्तीस. आता निदान चाचण्यांच्या किट बनवणाऱ्या कंपनीत आहे, पगार चांगला, शनिवार-रविवार माझे. लॅब आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल. परवा क्वालिटी कंट्रोलला जेल चालवायची होती, ज्युनियरला बाजूला करून मीच विहिरी भरल्या. हात थरथरला नाही.

मुलाची_आई

मुलगा हैदराबादला पीएचडी करतो. एका रात्री साडेअकराला फोन: ‘आई, क्लोन मिळाला!’ मला वाटलं कुणी हरवलेला मित्र सापडला. काही न कळता खूप छान म्हणाले, सकाळी शेजारी पेढे वाटले. शेजारीण म्हणाली, ‘नोकरी लागली का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, क्लोन मिळालाय.’ तीही म्हणाली, छान.

जेलमध्ये_आहे

काकू, माझ्या आईने माझ्या पहिल्या क्लोनला, म्हणजे हवा तो डीएनए तुकडा बसवलेल्या प्लाझ्मिडला, साखरभात केला होता. पुढच्या आठवड्यात कळलं, तुकडा उलटा बसलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.

धागाकर्ता

भाचीने सगळं वाचलं. पस्तिशीवाल्या ताईंचं दोनदा. मग मला विचारलं, ‘मामा, त्या माशीवाल्या ताई रात्री बाटल्या अठरा अंशांत ठेवतात, तर सकाळी नक्की किती वाजेपर्यंत गोळा करता येतं?’ उत्तर देता का? मला ती ऑफिसात फोन करून विचारतेय.

माशीवाली

अठरा अंशांत सोळाएक तास मिळतात. पण तिला म्हणावं, त्यावर विसंबू नकोस, डोळ्याने बघ: ताज्या मादीचं अंग फिकट असतं आणि पोटात एक काळा ठिपका दिसतो. तो दिसला तर घे, नाही दिसला तर सोडून दे. आणि ओढणी लॉकरमध्ये ठेव.