पुरात हलवलेल्यांच्या गरजा ऑनलाइन फॉर्मने विचाराव्यात का? सल्ला हवा

वेदगंगाकाठ (निपाणी):
नमस्कार मंडळी. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं, तेव्हा आम्ही गावातल्या पोरापोरींनी गुगल फॉर्म करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. शाळेत हलवलेल्या लोकांना काय हवंय ते कळावं म्हणून. उत्तरं भरपूर आली; तांदूळ, बिस्किटं, पाणी. तसं सामान घेऊन गेलो तर एका बाळंतिणीला अंग धुवायला आडोसा नाही, एका आजोबांच्या बीपीच्या गोळ्या संपून तीन दिवस झालेले, आणि रात्री अंधारात बाहेर जावं लागतं म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. फॉर्ममध्ये यातलं एक अक्षर आलं नव्हतं. उत्तरं देणारे जवळपास सगळे पंचवीस-तिशीतले मुलगे होते. ते अजून मनातून जात नाही. यंदा पावसाआधीच तयारी करायची आहे. निर्वासितांच्या छावण्यांत मोठ्या संस्था अशी सर्वेक्षणं करतात म्हणे. त्यातलं आपल्याला काय घेता येईल?

छावणीत_काम_केलेला:
मी काही काळ बांगलादेशात कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांत होतो. २०१७ च्या ऑगस्टनंतर तिथे म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या पळून आले. २०१९ च्या सप्टेंबरपासून जवळजवळ वर्षभर छावण्यांत मोबाइल इंटरनेट बंद होतं. लिंक पाठवून गरज मोजायची म्हटली असती, तर कुणालाच काही नको असं दिसलं असतं. त्यामुळे फॉर्म लोकांच्या हातात द्यायचा नाही, विचारणाऱ्याच्या हातात द्यायचा. कोबो टूलबॉक्स बघा, सर्वेक्षणाचे फॉर्म बनवायचं साधन आहे, फुकट आहे. रेंज नसतानाही फोनवर भरता येतो, टॉवर मिळाला की पाठवायचा. एकाच फॉर्ममध्ये दोन-तीन भाषा ठेवता येतात.

आणि सगळंच विचारत बसू नका. पाणी किती लागेल हे विचारायची गोष्ट नाही. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था जगभर वापरतात ती स्फिअरची मानकं ठरलेली आहेत: माणशी दिवसाला किमान १५ लिटर, शौचालय सुरुवातीच्या धांदलीत ५० जणांमागे एक आणि पुढे २० जणांमागे एक, त्यातही बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. डोकी मोजा आणि मागणी करा. जे मोजून कळत नाही तेवढंच विचारा.

आशाताई_चिकोडी:
दादा, बायका फॉर्मवर लिहिणार नाहीत हो. फोन नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे असतो. पॅड हवेत हे ती त्याच्या फोनवर कसं टाकणार? शाळेच्या एका खोलीत फक्त बायकांना बसवा, विचारणारीही बाईच असू दे. आणि गरोदर बायका, तान्ही लेकरं, बीपी-शुगरवाले यांच्या याद्या आम्हा आशा कार्यकर्त्यांकडे आधीच असतात. त्या घेऊन आम्हीच जागेवर जातो, आम्हाला सोबत न्या. "काय पाहिजे?" असं विचारू नका, "काही नको बाळा" म्हणतात. "काल रात्री कुठं झोपलात? गोळी शेवटची कधी घेतली?" असं विचारलं की सगळं बाहेर येतं.

कृष्णाकाठचा (अथणी):
जनावरांचा प्रश्न घाला. आमच्याकडे म्हशीला जागा आणि वैरण नाही म्हणून माणसं पाणी दारात येईतो घर सोडत नाहीत. भाषा म्हणाल तर विचारताना समोरच्याच्या घरातली, मग मराठी असो, कन्नड असो की दखनी. तालुक्याला द्यायची यादी मात्र कन्नडमध्ये करा, म्हणजे लगेच हातात घेतली जाते. आम्ही मराठीत दिलेली यादी एकदा दोन दिवस तशीच पडून होती.

मोजदाद:
आधार नंबर, बँक खातं अजिबात मागू नका. उत्तरांची शीट गटावर टाकू नका. कोण आजारी, कोणत्या घरात एकटी बाई, हे गावभर व्हायला नको. ऑनलाइन फॉर्म पूर्ण सोडूनही देऊ नका, नातेवाइकांकडे निघून गेलेल्यांपर्यंत तोच पोचतो. फक्त किती उत्तरं आली यापेक्षा कोणत्या गल्लीतून एकही आलं नाही ते रोज बघा, आणि तिथे त्याच दिवशी माणूस पाठवा.

वेदगंगाकाठ (निपाणी):
मनापासून आभार. असं ठरवतोय: जागेवर कोबो, बाहेर गेलेल्यांसाठी छोटी लिंक, आणि बायकांची वेगळी बैठक. ताई, बायकांना विचारायचे सात-आठ प्रश्न तुम्ही बोलता त्याच शब्दांत लिहून द्याल का? आमच्यातल्या तीन मुली विचारायला तयार आहेत.

आशाताई_चिकोडी:
देते. रविवारी आमची बैठक आहे, मुलींनाच पाठवा. एकदा आमच्यासोबत घरोघरी फिरू देत.