बोटांच्या रक्तवाहिन्यांवरचं ऑपरेशन कोणी करून घेतलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईला स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होत जाणारा आजार) आहे, त्यातूनच रेनोचा त्रास, म्हणजे गारव्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढलं तरी बोटं आधी खडूसारखी पांढरी, मग निळी, आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकतात. रक्तवाहिन्या सैल करणारं निफेडिपिन हे औषध चालू आहे, हातमोजे तर घरातही. तरी उजव्या तर्जनीच्या टोकाला मसुराएवढी जखम झालीय, 2 महिने झाले, भरतच नाही.

आता हाताचे सर्जन सिम्पथेक्टॉमी सुचवतायत. छातीतून करतात ती नव्हे. तळहातात छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली धमनीभोवतीचं आवरण सोलून काढायचं, म्हणजे तिला आकसायला लावणारे बारीक मज्जातंतू तुटतात. (छातीतल्या ऑपरेशनला मीच नको म्हटलं. फरक बरेचदा टिकत नाही, वर पाठीपोटाला घाम वाढू शकतो तो वेगळाच.)

हे बोटांचं कोणी करून घेतलंय का? जखम भरली का, किती दिवसांत? मूठ नीट वळायला किती वेळ लागला? आधी बोटॉक्सची इंजेक्शनं घेऊन बघा, असंही एका डॉक्टरांनी सांगितलंय. त्याचा अनुभव असेल तर तोही लिहा.

आईचं म्हणणं एवढंच, सुईत दोरा ओवता आला तरी पुरे.