मदत हवी आहे : बीआरसीजीएस ऑडिट आणि रिटर्न शाईची ट्रेसिबिलिटी

नमस्कार मंडळी,

वाळूज एमआयडीसीत आमचं फ्लेक्झिबल पॅकेजिंगचं युनिट आहे. ग्रॅव्हर प्रिंटिंग, लॅमिनेशन, स्लिटिंग, पाउचिंग सगळं तिथेच. क्यूए, म्हणजे गुणवत्तेची हमी, मी बघते. मसाले निर्यात करणाऱ्या एका ग्राहकाने बीआरसीजीएस, म्हणजे पॅकेजिंगच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मागितलंय. २८ एप्रिल २०२५ पासून ऑडिट सातव्या आवृत्तीप्रमाणे होतात, म्हणून तयारी तशीच चालू आहे.

बरीच कामं मार्गी लागलीत. पात्याचे तुकडे मोडून वापरायचे कटर मशीनवरून हद्दपार केले, डॉक्टर ब्लेड (सिलिंडरवरची जादा शाई खरवडणारी पाती) मोजून दिली-घेतली जाते. शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाची, टोल्युइन हे घातक सॉल्व्हंट नसलेली. आयएस ९८४५ प्रमाणे एकूण मायग्रेशन (पॅकिंगमधून अन्नात उतरणारे घटक) १० मिग्रॅ प्रति चौ. डेसिमीटरच्या आत आहे.

घोडं अडलंय रिटर्न शाईच्या ट्रेसिबिलिटीवर, म्हणजे कुठला लॉट कुठल्या मालात गेला त्याचा माग काढण्यावर.

जॉब संपला की ट्रेमधली शाई बादलीत परत येते, पातळ करायला घातलेल्या सॉल्व्हंटसकट. पुढच्या जॉबला ती ताज्या शाईत घालतात, उरली की पुन्हा त्याच बादलीत. असे चार-पाच जॉब गेले की लाल शाईच्या बादलीत कुठकुठले लॉट आहेत ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. उद्या पुरवठादाराने एखादा लॉट परत मागवला तर कुठले रोल थांबवायचे? मॉक रिकॉलमध्ये (माल परत मागवायच्या रंगीत तालमीत) फिल्म आणि ॲडेसिव्ह पटकन सापडतात, शाईपाशी साखळी तुटते.

सल्लागार म्हणतात, जॉबकार्डावर फक्त ताजा लॉट लिहा, ऑडिटर एवढ्या खोलात जात नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. त्या पाउचमध्ये खायची वस्तू भरली जाते. शिवाय तीन वर्षांतून किमान एक ऑडिट न कळवता होतं, तेव्हा कागद रंगवायला वेळही मिळत नाही.

तुम्ही रिटर्न शाईला वेगळा नंबर देता का? आणि ऑपरेटर नोंद तिथल्या तिथे करतात, की शिफ्ट सुटताना आठवून?

उत्तर :

ताई, सल्लागारांचं ऐकू नका. बादली मशीनवरून उतरली की तिला स्वतःचा आर-नंबर (रिटर्नचा नंबर) द्या. टॅगवर आतले सगळे लॉट, जॉब, तारीख, वजन. पुढच्या जॉबकार्डावर ताजा लॉट आणि आर-नंबर दोन्ही. रिटर्नमध्ये रिटर्न ओतायची नाही, हा नियम कडक ठेवा. उरलेल्या शाईला नवा आर-नंबर, त्यावर आधीचा आर-नंबर. घातलेलं सॉल्व्हंट वेगळं लिहा, नाहीतर वजनाचा मेळ बसत नाही. मॉक रिकॉल दोन्हीकडून करून बघा, लॉटवरून रोल आणि रोलवरून लॉट.

नोंदीचं म्हणाल तर इंक किचनच्या (शाई मिसळायच्या खोलीच्या) दारातच काटा ठेवा आणि टॅग नसलेली बादली आत घेऊ नका. शिफ्ट सुटताना लिहायचा प्रश्नच उरत नाही. टॅग कडीला बांधा आणि पेन्सिलने लिहा. पेनाची अक्षरं इथाइल ॲसिटेटसारखं सॉल्व्हंट लागलं की जातात.