राष्ट्रपती म्हणजे नुसती सही का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर:
आमचा टॉवेलचा कारखाना अजून आजोबांच्या नावावर आहे. वय ८४. धंदा काका आणि मी बघतो, चेकवर सही मात्र त्यांचीच. परवा लाईट गेली, माग बंद, सगळे बाहेर चहा पीत बसलेले. आमचा जॉबर, मागांवर देखरेख करणारा, म्हणाला, "थोरले मालक म्हणजे आपले राष्ट्रपतीच की ओ, नुसती सही!" आजोबांनी ऐकलं. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. राष्ट्रपतींच्या हातात खरंच काही नसतं का? आजोबांना वाचून दाखवायचंय.

निवृत्त मास्तर, सात रस्ता:
जॉबर अर्धा बरोबर. कलम ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालावं लागतं. पण १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं एक फट ठेवली: सल्ला एकदा फेरविचाराला परत धाडता येतो. तोच पुन्हा आला की गपगुमान मान्य करायचा. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत धाडली, तर सरकारनं नादच सोडला. विधेयकांनाही हीच रीत, फक्त धनविधेयक (कर-खर्चाचं) आणि घटनादुरुस्तीचं विधेयक परत करता येत नाही. कलामसाहेबांनी २००६ ला लाभाच्या पदाचं विधेयक (काही सरकारी पदं घेऊनही खासदारकी शाबूत ठेवणारं) परत केलं. संसदेनं ते तसंच पुन्हा पाठवलं, मग सही झाली.

झैलसिंगांची तऱ्हा न्यारी. १९८६ चं पोस्टाचं विधेयक, सरकारला लोकांची पत्रं उघडायची मुभा देणारं. ना सही, ना परत. घटनेत सहीला मुदतच लिहिलेली नाही! विधेयक तसंच पडून राहिलं.

एमपीएससीवाली, जुळे सोलापूर:
सर, दयेचा अर्ज राहिला, कलम ७२. तिथंही गृहखात्याचा सल्ला लागतोच. कसाबचा अर्ज प्रणवदांनी नोव्हेंबर २०१२ ला फेटाळला, तेव्हा गृहमंत्री आपले सुशीलकुमार शिंदेच होते.

चहाबाज:
आणि २३ नोव्हेंबर २०१९? पहाटे ५:४७ ला महाराष्ट्रातली राजवट उठली, आम्ही उठायच्या आधी. तेव्हा कुठं गेला फेरविचार?

निवृत्त मास्तर, सात रस्ता:
परत धाडता येतं म्हणालो, धाडतातच असं कुठं म्हणालो?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर:
वाचून दाखवलं. झैलसिंगांचा भाग दोनदा वाचायला लावला. आज सकाळी नव्या मागाच्या ॲडव्हान्सचा चेक पुढं केला, तर म्हणाले, "ठेव तिथं." चष्म्याच्या डबीखाली आहे अजून. काका माझ्यावर उखडलेत.