नुसत्या संशयावरून मुलाला शाळेतून घरी पाठवावे का?

खडूफळा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या तिसरीच्या वर्गात एका मुलाच्या मानेवर पाण्याने भरलेले चार-पाच फोड बाईंना दिसले. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. कांजिण्यांच्या संशयावरून त्याला दप्तरासह कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवले आणि आईला फोन केला. आई कारखान्यात पाळीवर असल्यामुळे तिला यायला अडीच तास लागले, आणि तेवढ्या वेळात पाणी प्यायला जाणारे प्रत्येक पोर त्याच्याकडे वळून बघत गेले. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचे नाव आले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की त्या कांजिण्या नाहीत, किडा चावून पिकलेले फोड आहेत. तरीही शाळेने तंदुरुस्तीचा दाखला मागितला आणि त्यासाठी सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्या बाईची आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली.

माझे म्हणणे असे की, डॉक्टरांनी निदान करेपर्यंत मुलाला वर्गातच जरा अंतरावर बसू द्यावे. शिक्षक हे डॉक्टर नाहीत, आणि त्यांच्या अंदाजाची किंमत दरवेळी ज्या घराला ती सर्वात कमी परवडते त्याच घराने का मोजावी?

बालरोगवाला

बाकावर अडीच तास बसवणे चूकच होते, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. निदानाची वाट पाहायची म्हटले तर आजार थांबत नाही. गोवराचे मूल अंगावर पुरळ उठण्याच्या साधारण चार दिवस आधीपासून ते नंतर चार दिवसांपर्यंत इतरांना आजार देते, आणि गोवर हवेतून पसरत असल्यामुळे ‘जरा अंतरावर’ या शब्दांना बंद वर्गात काहीच अर्थ उरत नाही. कांजिण्यांमध्ये पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत संसर्ग होऊ शकतो. गालगुंडात सूज आल्यानंतर पाच दिवस मूल घरी ठेवावे लागते. शिक्षकाने निदान करावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. त्याने फक्त शंका घ्यावी.

खडूफळा

मग तुमच्याच हिशेबाने, पुरळ दिसण्याआधीच वर्गाला लागण झालेली असते. घरी पाठवून नेमके काय साधले?

ओसरी

काय साधते ते मी सांगते, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू माझ्या घरात आहे. माझ्या मुलाला मूत्रपिंडाचा आजार आहे आणि दोन वर्षांपासून त्याचे स्टिरॉइड कमी-जास्त होत असते. अशा मुलांना कांजिण्या साध्या राहत नाहीत, आणि ती लस जिवंत विषाणूची असल्यामुळे स्टिरॉइडची मात्रा मोठी असताना देताही येत नाही. संपर्क आल्यावर दहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते, पण त्यासाठी संपर्क आला हे आधी कळावे लागते. त्याच्या वर्गात दोघांना कांजिण्या झाल्याचे मला बाराव्या दिवशी कळले, तेही रिक्षावाल्या काकांकडून. शाळेने ‘उगाच घबराट नको’ म्हणून सूचना काढली नव्हती. त्यानंतर आम्ही नऊ दिवस रुग्णालयात होतो.

त्या मुलाचे नाव मला नको होते. वर्गात काय आहे, एवढे एक वाक्य हवे होते.

द्विशिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दोन खोल्या, चार इयत्ता. वर डॉक्टर जे म्हणाले ते पटते, पण आमच्याकडे मूल वेगळे बसवायचे म्हटले तर व्हरांडा, नाहीतर खिचडी शिजते ती जागा. घरी पाठवावे तर घर म्हणजे एकच खोली, तिथे तीन भावंडे आणि ऊसतोडीला जायच्या तयारीतले आईबाप. २०२२ साली गोवंडीत गोवर पसरून मुले दगावली, तिथेही अशाच दाटीच्या वस्त्या होत्या आणि लस चुकलेली मुले होती. तिथे एखाद्या मुलाला घरी पाठवणे म्हणजे संसर्गाला फक्त दुसरा पत्ता देणे. आमच्या गावात अजूनही गोवर-कांजिण्या निघाल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो आणि ‘देवीचे आहे, दवाखाना नको’ म्हणतात. त्या डहाळ्याला मी हसत नाही. खरे तर मला सगळ्यात आधी खबर तोच देतो, आणि मग मी आशाताईंना कळवतो. मात्र ‘दाखला आणल्याशिवाय बसू देणार नाही’ असे एकदा म्हणून बघा, पुढच्या वेळी डहाळा घराच्या आत लागेल.

जुना पुणेकर

सगळ्यांनी २००९चा ऑगस्ट आठवावा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातली शाळकरी मुलगी होती, आणि त्यानंतर शिंकणारे प्रत्येक मूल संशयित ठरले. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि त्या रांगेतच कित्येकांना ताप लागला असेल असे मला आजही वाटते. शाळेला संशयाचा अधिकार दिला की ती तो सर्दीवरही वापरते. धागाकर्त्याशी सहमत.

बालरोगवाला

सर्दीसाठी मी कोणालाच घरी पाठवायला सांगत नाही. ताप आणि पुरळ एकत्र, गालफडाची सूज, किंवा हातापायांना आणि तोंडात फोड, एवढे दिसले तरच पालकांना बोलवावे. घरी पाठवून काय साधते, या धागाकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर ओसरी यांनी दिलेच आहे. त्यात भर एवढीच की, लस न घेतलेल्या निरोगी मुलाला गोवराच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आहे, पण गालगुंडाची आणि कांजिण्यांची नाही, म्हणून ‘सगळ्यांचे लसीकरण झाले आहे’ या शाळेच्या भरवशावर राहू नये. वर्गावरच्या एखाद्या बाई गरोदर असतील तर त्यांनाही त्याच दिवशी कळायला हवे.

दाखल्याबाबत मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूचा आहे. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरली आहे आणि नवा फोड नाही, हे वर्गशिक्षिकेला डोळ्यांनी दिसते. त्या कागदासाठी माझ्या दवाखान्यात बरी झालेली मुले तापाच्या मुलांशेजारी तासभर बसतात, हे मी रोज बघतो.

खडूफळा

ओसरी यांचा प्रतिसाद वाचून ‘वर्गातच बसू द्यावे’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. बाकी तक्रार कायम आहे. पालक येईपर्यंत मुलाजवळ कोणीतरी मोठे माणूस बसावे, चार भिंतींच्या आड, आणि नाव वर्गाबाहेर जाऊ नये. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीसाठी सूचनेचा मसुदा केला आहे: ‘आपल्या पाल्याच्या वर्गात कांजिण्यांचा एक संशयित रुग्ण आढळला आहे. पाल्याला दीर्घकाळ औषधे चालू असल्यास किंवा घरात कोणी गरोदर असल्यास आजच डॉक्टरांशी बोलावे.’

ओसरी

मसुदा चांगला आहे. त्यात ते मूल वर्गात शेवटचे कोणत्या तारखेला बसले होते तेही लिहा. आम्हाला रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.